आपल्या लेकरांचं कॉमिक्स कोण काढणार?



अमेरिकेत दर बुधवारी नवीन कॉमिक्स दुकानात येतात. रात्रीपर्यंत यूट्यूबवर त्यांची परीक्षणं सुरू होतात आणि उत्तर नागपुरातल्या एखाद्या गल्लीत आपला बारावीचा पोरगा ती मोबाईलवर पाहत बसलेला असतो. कोणत्या अंकात कोणता हिरो मेला, कोण परत जिवंत झाला, हे त्याला तोंडपाठ असतं. आम्ही त्याला नावं ठेवणार नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारलं गेलं, त्या समाजातलं पोरगं काहीही आवडीनं वाचत असेल तर आम्हाला आनंदच आहे.

पण मागच्या रविवारी विहारातल्या अभ्यासवर्गात आम्ही विचारलं, या आठवड्यात तुमच्यासाठी मराठीत नवीन कॉमिक्स कोणतं आलं? कुणालाच सांगता येईना. मग आम्ही स्वतः सीताबर्डीला चक्कर मारली. देवादिकांच्या कथा होत्या, अकबर-बिरबल होता, तेनालीराम होता. आपल्या वस्तीतलं, आपल्या इतिहासातलं मराठी चित्रकथेचं एकही नवं पुस्तक आम्हाला दिसलं नाही. म्हणून या आठवड्याचं परीक्षण आम्ही जुन्याच पुस्तकांचं करतो आहोत. आपल्या बहुतेक घरांत ती अजून पोहोचलेलीच नाहीत, तेव्हा आपल्यासाठी ती नवीच आहेत.

सुरुवात अमर चित्र कथेपासून करू. अनंत पै यांनी १९६७ मध्ये ही मालिका सुरू केली आणि दोन-तीन पिढ्यांना इतिहास म्हणजे काय हे तिनंच शिकवलं. १९७९ साली तिच्यात बाबासाहेबांवर अंक आला. आनंद वाटावा अशीच गोष्ट आहे, पण साचा बघा. एक महापुरुष, त्याचं बालपण, त्याची संकटं, त्याचा विजय. पुराणातला देव असो, राजा असो की बाबासाहेब, सगळे त्याच बत्तीस-एक पानांच्या साच्यात ओतायचे. या साच्यात जातिव्यवस्था मावतच नाही. तिथं उरतात फक्त काही वाईट माणसं आणि काही चांगली माणसं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर चालत गेलेली हजारो माणसं मागच्या गर्दीतले ठिपके होऊन जातात.

आता आपल्याच अंगावर येऊ. दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो रुपयांची पुस्तकं विकली जातात याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण त्याच स्टॉलवरच्या लहान मुलांच्या सचित्र पुस्तिका उघडून पाहा. निळा कोट, हातात संविधान, डोक्यामागे तेजोवलय. साचा तोच, फक्त देव बदलला. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत दिला होता. ते भाषण आपण व्यासपीठावरून सांगतो आणि पोरांच्या हातात मात्र आरतीची थाळी देतो.

दुसरं पुस्तक ‘भीमायन’. दिल्लीच्या नवयान प्रकाशनानं २०११ मध्ये काढलं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. बाबासाहेबांनी स्वतःच्या अनुभवांवर लिहिलेलं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हा त्याचा पाया. पाणी, निवारा आणि प्रवास असे त्याचे भाग आहेत. शाळेतली तहान, १९१७ मध्ये बडोद्यात न मिळालेली राहायची जागा, १९२९ मधला चाळीसगावचा टांगा. व्याम दांपत्यानं माणसांना चौकटीत कोंडायला नकार दिला, म्हणून या पुस्तकात ठरावीक चौकोन नाहीत. प्रेमानं बोललेल्या शब्दांचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आणि जातीचं विष ओकणाऱ्या शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी. ज्या शहराची स्थापना बख्त बुलंद शहा या गोंड राजानं केली, त्या नागपुरात राहून गोंड कलेशी आपलं नातं किती, हाही प्रश्न हे पुस्तक आपल्याला विचारतं. ‘रामायण’ची आठवण देणारं त्याचं नाव आम्हाला खटकतं, हेही इथेच नोंदवतो.

हे पुस्तक आम्ही अभ्यासवर्गात मराठीत सांगत सांगत दाखवलं. सहावीतल्या एका मुलीनं विंचवाच्या फुग्यावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, “दादा, असं मलाही बोलले होते.” वर्ग शांत झाला. मग आम्ही सगळ्यांना कोरे कागद दिले आणि सांगितलं, तुमच्या तुमच्या विंचवाचा फुगा काढा. तासाभरात अठरा कागद जमा झाले. एकावर लिहिलं होतं, “तुमचं काय बुवा, तुम्हाला तर स्कॉलरशिप मिळते.” दुसऱ्यावर, “तुझं आडनाव पूर्ण सांग.” समाजशास्त्राच्या एमएला आम्ही जातीच्या अनुभवावर डझनभर पुस्तकं वाचली होती. त्या अठरा कागदांनी आम्हाला जे सांगितलं ते त्या पुस्तकांत नव्हतं. चित्र ही ताकद आहे, ती करमणुकीपुरती सोडून देणं आपल्याला परवडणार नाही.

तिसरं ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’, तेही २०११ चं. श्रीविद्या नटराजन यांनी लिहिलेलं आणि अपराजिता निनान यांनी काळ्या-पांढऱ्या रंगात काढलेलं. आधार जोतिबांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’चा. मूळ ग्रंथच जोतिबा आणि धोंडिबा यांच्या संवादात आहे, म्हणजे कॉमिक्सला लागणारे बोलके फुगे जोतिबांनी दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते. अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना त्यांनी ग्रंथ अर्पण केला, तो धागाही या पुस्तकात आहे. पण मराठीतला ग्रंथ चित्रांत आला तो इंग्रजीतून, हे आपलं अपयश आहे.

काही कार्यकर्ते म्हणतील, इथं नोकऱ्या जात आहेत, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत आणि तुम्हाला कॉमिक्स सुचतं? त्यांना २०१२ आठवायला सांगू. अकरावीच्या पाठ्यपुस्तकात शंकर यांचं १९४९ मधलं व्यंगचित्र होतं, गोगलगायीवर बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. संसदेत गदारोळ झाला. पुण्यात सुहास पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली, जी आम्हाला तेव्हाही मान्य नव्हती आणि आजही नाही. खरं उत्तर दिलं उन्नमती श्याम सुंदर यांनी. १९३२ ते १९४८ या काळातली बाबासाहेबांवरची शंभरहून अधिक व्यंगचित्रं त्यांनी शोधली, एकेका चित्रामागचा इतिहास लिहिला आणि २०१९ मध्ये पुस्तक दिलं. फोडलेली काच दुसऱ्या दिवशी बदलली जाते, ते पुस्तक मात्र राहणार आहे. दुसऱ्यानं काढलेल्या चित्रावर चिडणं सोपं आहे. प्रश्न असा की आपण स्वतः काय काढलं?

अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या चळवळीनं हे ओळखलं होतं. माँटगोमेरीच्या बस-बहिष्कारावर १९५७ मध्ये सोळा पानांचं कॉमिक्स निघालं, किंमत दहा सेंट, आणि चर्चमधून, शाळांमधून वाटलं गेलं. त्याच चळवळीतले जॉन लुईस पुढे खासदार झाले आणि त्यांनी आपल्या लढ्याची कहाणी ‘मार्च’ या तीन भागांच्या कॉमिक्समध्ये सांगितली. आपल्याकडे हेच काम जलशांनी केलं. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांच्यापर्यंत विचार गाण्यांतून पोहोचला. आज अक्षर येतं, पण पोरांचे डोळे स्क्रीनवर आहेत. मग जलसा कागदावर उतरवायला हवा.

आमचा प्रस्ताव साधा आहे. सोळा पानं, दोन रंग, सोपी मराठी, चहाच्या दोन कपांची किंमत. नागपुरात कला शिकणारी आपली मुलं-मुली आहेत, त्यांनी काढावं. विषय शोधायला लांब जायला नको. वसंत मून यांची ‘वस्ती’ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ आहे, पण मंचावरून पाहिलेला नको, मैदानातून पाहिलेला हवा. त्या दिवशी जी दहा वर्षांची होती ती आजी आज ऐंशीच्या घरात आहे. ती कोणत्या गावाहून आली, शिदोरीत काय होतं, रात्री कुठं झोपली, हे आज विचारलं नाही तर पुढच्या वर्षी विचारायला ती नसेल.

तेव्हा या रविवारी विहारात येताना वही आणि पेन्सिल आणा. आणि येण्याआधी आजीजवळ तासभर बसा.

जय भीम! जय जोती!