जर्नल न उघडता घेतलेली व्हायवा

गेल्या गॅदरिंगला आपल्या वाङ्मय मंडळाने एका कादंबरीकारांना मुलाखतीसाठी बोलावलं होतं. प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे आणि एका मैत्रिणीकडे होतं. सबमिशन बाजूला ठेवून आम्ही २० प्रश्न काढले. आदल्या दिवशी वरून निरोप आला, "धर्म, जात, राजकारण यातलं काही नको. लेखनाची प्रेरणा विचारा, विद्यार्थ्यांना संदेश विचारा." आम्ही निमूटपणे ७ प्रश्नांवर काट मारली.

कार्यक्रम छान झाला. टाळ्या पडल्या, शाल-श्रीफळ झालं. नंतर चहा घेताना मी म्हटलं, "सर, कादंबरीतल्या देवळाच्या वादावर विचारायचं होतं, पण परवानगी मिळाली नाही." ते हसून म्हणाले, "मग आता विचारा की! पुजाऱ्याची बाजू तुम्हाला पटली का?"

आणि मी गप्प. कारण मी ती कादंबरी वाचलीच नव्हती! पेपरातलं परीक्षण वाचून प्रश्न काढले होते.

मित्रांनो, एक्स्टर्नल जर्नल न उघडताच मार्क देतो तेव्हा आपण कँटीनमध्ये बसून त्याचा उद्धार करतो. लेखकांच्या बाबतीत आपण सगळे तेच करत असतो. प्रश्न अडवणारे आणि न वाचता प्रश्न विचारणारे, दोघांच्याही हातून संवाद मरतो.

२००९ साली महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्ष आनंद यादव यांना 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीवरून पद सोडावं लागलं. वारकऱ्यांचं दुखावणं खोटं नव्हतं. तुकोबा त्यांच्या घरातलेच. पण संताच्या चरित्रातल्या रिकाम्या जागा कादंबरीकाराने कल्पनेने किती भराव्यात, हा प्रश्न भर मांडवात, लेखकाला समोर बसवून विचारण्यासारखा होता. झालं काय? यादवांनी माफी मागितली आणि संमेलन अध्यक्षाविनाच पार पडलं.

२०१९ मध्ये यवतमाळच्या संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण ऐनवेळी मागे घेतलं गेलं. आक्षेप काय, तर त्या इंग्रजीत लिहितात. न झालेलं भाषण मात्र वर्तमानपत्रांतून छापून आलं! म्हणजे गप्प बसवणंही धड जमलं नाही.

पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, उस्मानाबादला (आताचं धाराशिव) फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले. काहींचा विरोध होता. त्यांच्या पुस्तकांना नव्हे, झग्याला! ख्रिस्ती धर्मगुरू मराठीच्या व्यासपीठावर कसा, म्हणे. अरे, याच भाषेत १६१६ साली फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' गोव्यात छापलं गेलं. दिब्रिटोंना विचारण्यासारखं केवढं होतं! 'सुबोध बायबल' लिहिताना मराठी शब्द कुठून शोधले? चर्चमधला माणूस वसईची हिरवाई वाचवायला रस्त्यावर का उतरला? २५ जुलै २०२४ ला फादर गेले. आता हे प्रश्न त्यांच्या पुस्तकांनाच विचारायचे.

कोणी म्हणेल, इंजिनिअरिंगच्या पोरांना हे उद्योग कशाला? तर हॉस्टेलच्या मेसमध्ये कोण कोणाच्या शेजारी बसतं ते जरा बघा. गणपतीच्या वर्गणीवरून झालेली भांडणं आठवा. आपण धर्माबद्दल बोलतोच, फक्त कुजबुजत बोलतो, आणि तेही आपल्याच गटात. ज्याने या गोष्टींवर वर्षानुवर्षं विचार केलाय असा माणूस समोर बसलेला असताना मात्र "आपला आवडता रंग कोणता?" इथपर्यंतच आपली धाव!

म्हणून मंडळाला माझ्या दोन सूचना आहेत. एक, येणाऱ्या लेखकाचं किमान एक पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय कोणालाही माईक देऊ नये. दोन, वाचून आलेल्याचा कुठलाही प्रश्न, सभ्य भाषेत असेल तर, खोडू नये. भीती वाटते ती न वाचलेल्यांच्या घोषणांची. वाचलेल्या माणसाच्या प्रश्नाने आजवर खुर्च्या मोडलेल्या नाहीत.

ती कादंबरी मी मग लायब्ररीतून आणली. पीएलमध्ये, मेकॅनिक्स बाजूला सारून, दोन रात्रींत संपवली. पुजाऱ्याची बाजू मला पटली नाही, पण त्याचा राग समजला. का, ते सरांना चार पानी पत्रात कळवलंय.

उत्तराची वाट बघतोय.