‘चित्रेही काढीत असत’

स्त्रियांच्या चरित्रलेखनात एक वाक्य आम्हांस वारंवार भेटते : ‘त्या चित्रेही काढीत असत.’ या वाक्यातील ‘ही’ हे अक्षर दिसायला निरुपद्रवी, पण एका अख्ख्या आयुष्याची साधना ते फावल्या वेळात ढकलून मोकळे होते. बार्बरा ली स्मिथ बोदिशाँ (१८२७–१८९१) या इंग्रज विदुषीच्या वाट्याला हाच अन्याय आला आहे. स्त्रीहक्कांच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांनी रंगविलेल्या समुद्राकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही.

बार्बराबाईंचे बालपण हेस्टिंग्ज येथे, समुद्रासमोरच्या घरात गेले. वडील पार्लमेंटचे सभासद, आई टोप्या बनविणारी. दोघांचा विवाह झालेला नव्हता. वडिलांनी मात्र एकविसाव्या वर्षी मुलीच्या नावे वार्षिक ३०० पौंडांची तजवीज केली. १८४९ मध्ये लंडनच्या बेडफर्ड चौकातील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या चित्रकला शिकू लागल्या. ‘व्हेंटनर, आइल ऑफ वाइट’ हे त्यांचे किनाऱ्याचे चित्र १८५६ चे. विवाहानंतर हिवाळे अल्जीरियात जाऊ लागले, तेव्हा तेथील सागरतीर व डोंगरही त्यांनी रंगविले.

‘स्त्रियांचा पिंडच सौम्य, म्हणून त्या फुले, डोंगर, समुद्र रंगवितात,’ असे सांगणारे पंडित पूर्वीही होते, आजही आहेत. आम्ही त्यांस विचारतो, दुसरे काय रंगविण्याची मुभा होती? लंडनच्या रॉयल ॲकॅडमीच्या संस्थापक सभासदांत १७६८ मध्ये अँजेलिका काउफमन व मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या. झोफनी या चित्रकाराने पुढे त्या सभासदांचा समूह रंगविला. दालनात नग्न पुरुष-मॉडेल होते. म्हणून या दोघींना तेथे उभे न करता भिंतीवरच्या तसबिरी करून टांगले! मानवदेहाचा अभ्यास स्त्रीला वर्ज्य, आणि त्या अभ्यासावाचून ऐतिहासिक चित्र काढणे अशक्य. समुद्राला मात्र प्रवेशपरीक्षा नव्हती. दार बंद करणाऱ्यांनीच पुढे ‘ही अंगणातच रमते’ असा शेरा मारावा, हा कोठला न्याय?

१८५९ मध्ये स्त्री-चित्रकारांनी ॲकॅडमीचे विद्यालय आपणांस खुले करावे, असा अर्ज केला. अर्जदारांत बार्बराबाई होत्या. पुढल्याच वर्षी लॉरा हरफर्ड यांनी नावाची केवळ आद्याक्षरे लिहून चित्रे पाठविली आणि त्यांस प्रवेश मिळाला. अर्जदार पुरुषच असणार, असे परीक्षकांनी गृहीत धरले होते. अर्ज आणि शेरे वाचण्यात आमची हयात गेली. पण गुणवत्तेचा इतका चोख पुरावा क्वचितच दप्तरी दाखल होतो. तरीही वस्त्रांकित मॉडेलसमोर बसण्याची परवानगी विद्यार्थिनींना मिळाली ती १८९३ मध्ये, आणि पूर्ण सभासदत्वावर पुन्हा स्त्रीची निवड झाली ती १९३६ मध्ये, लॉरा नाइट यांची.

आता कायद्याकडे वळू. त्या काळी इंग्लंडात विवाहित स्त्रीची कमाई कायद्याने पतीची. म्हणजे चित्र तिने रंगवावे आणि किंमत त्याने घ्यावी! बार्बराबाईंनी १८५४ मध्ये स्त्रियांविषयीच्या कायद्यांची सोप्या भाषेतील पुस्तिका काढली. १८५६ मध्ये विवाहितांच्या मालमत्तेसाठी सुमारे २६,००० सह्या गोळा झाल्या. १८७० च्या कायद्याने पत्नीची कमाई तिची ठरली, १८८२ च्या कायद्याने मालमत्ताही. हे काम आणि चित्रकला ही दोन निरनिराळी खाती नव्हेत. आपल्या श्रमाची मालकी आपली असावी, हा प्रश्न कुंचला विकून जगू पाहणाऱ्या बाईला पुस्तकात शोधावा लागत नाही.

‘पण त्यांना घरचे उत्पन्न होते, म्हणून त्या हौशीच,’ असा एक आक्षेप घेतला जातो. रस्किन यांचा कलाभ्यास वडिलांच्या मद्यव्यापाराच्या पैशावर चालला. त्यांस कोणी हौशी म्हणत नाही. वडिलांचा पैसा मुलाला विद्वान करतो आणि मुलीला मात्र हौशी, हे गणित आम्हांस उलगडत नाही. सार्वजनिक कार्यात वेळ गेल्याने त्यांची चित्रसाधना खंडित झाली, हे आम्ही नाकारीत नाही. पण दार उघडण्यात ज्याचे हात गुंतले, त्याने कमी रंगविले म्हणून त्याला चित्रकारांच्या पंगतीतून उठवावे काय?

१८७७ मध्ये कॉर्नवॉलच्या समुद्रकाठी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयाच्या स्थापनेत (१८६९) एमिली डेव्हिस यांच्यासह त्यांचा वाटा होता. मृत्युपत्रानेही त्यांनी त्या संस्थेस १०,००० पौंड दिले. महाविद्यालयाच्या इतिहासात देणगीदार म्हणून त्यांचे नाव राहील, यात शंका नाही. आमची मागणी एवढीच की, पुढच्या चरित्रकाराने पहिल्या ओळीत ‘चित्रकार’ लिहावे, आणि ते ‘ही’ खोडावे.