जत्रेची वर्गणी आणि तमाशाची सुपारी

चैत्र लागला की आमच्या नारायणगाव भागात जत्राच जत्रा. मी पाळण्यांपेक्षा माणसंच जास्त बघतो. टोमॅटो-कांद्याला भाव मिळाला असंल तर जिलेबीच्या दुकानापुढं गर्दी. नसंल मिळाला, तर बाया बांगड्यांचा भाव विचारून पुढं सरकतात. साल कसं गेलं ते तिथंच कळतं.

साल वाईट गेलं की वर्गणी कमी जमते आणि पहिली कात्री लागते तमाशाला. डीजे मात्र राहतो. हे मला पटत नाही.

गुढीपाडव्याला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी तिथं येऊन सुपारी ठरवतात. विठाबाई नारायणगावकर २००२ साली गेल्या, आज त्यांच्या नावानं सरकार पुरस्कार देतं. पण फड जगतो तो आपल्या सुपारीवर. ढोलकीवाला, नाचणाऱ्या, सोंगाड्या, तंबू ठोकणारे, सगळ्यांची चूल त्यावर. पावसाळ्यात काम बंद. अवकाळीनं खेळ बुडाला तर त्यांना कुठला पीकविमा?

आपलं पीक पावसावर, त्यांचं आपल्यावर.

म्हणून जत्रा कमिटीला सांगणं एवढंच: पैसे कमी असतील तर आधी डीजे आणि फटाके कापा. गोठ्यातली जनावरं पण बुजायची नाहीत. मोठा फड परवडत नसंल तर लहान सांगा. ठरलेली रक्कम त्याच रात्री हातात द्या. आणि गण-गवळण चालू असताना सिनेमाच्या गाण्यासाठी शिट्ट्या मारू नका.

तुमच्या गावात यंदा काय ठरलंय?