भिंत त्यांची, बिल आमचं

परवा लंडनहून एका जुन्या सहकाऱ्याचा फोटो आला. खाली एकच ओळ, "बघ, पारदर्शक नाही पण उजेड येतो." फोटोत खिडकी, खिडकीबाहेर परांचीचे पाईप आणि त्यांच्यावर पांढरं प्लॅस्टिक. तो मूळचा नाशिकचा, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. २०२२ मध्ये मी ऑनसाईट गेलो तेव्हा पहिले तीन आठवडे त्याच्याच सोफ्यावर काढले. तिसऱ्या की चौथ्या रात्री पाणी प्यायला उठलो तर कॉरिडॉरमध्ये कुणीतरी चालत होतं. दाराच्या भिंगातून बघितलं तर फ्लुरोसंट जाकीट घातलेला एक माणूस, हातात भोंगा. सकाळी वहिनींना विचारलं. त्या पोहे परतता परतता म्हणाल्या, "तो होय? तो आग लागली का बघतो."

ह्याला तिथे 'वेकिंग वॉच' म्हणतात. इमारतीचं बाहेरचं आवरण ज्वलनशील आहे असं कळलं, पण ते काढायला वेळ आहे, मग तोवर माणसं रात्रभर मजल्यामजल्यावर फिरणार आणि आग दिसली की भोंगा वाजवणार. ह्या गस्तीचं बिल फ्लॅटवाल्यांना. प्रॉडक्शनमध्ये बग आहे म्हणून रात्रभर लॉग बघत बसायला आम्हीही माणूस बसवतो, पण त्याचा पगार ग्राहकाकडून मागायची हिंमत अजून कुणाची झालेली नाही.

आधी थोडं त्या आवरणाबद्दल. पॅनेल म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचे दोन ॲल्युमिनियमचे पत्रे आणि मध्ये तीन मिलिमीटर पॉलिथिलीन. पॉलिथिलीन म्हणजे आपल्या पिशवीचं प्लॅस्टिक. पॅनेलमागे पोकळी आणि त्यामागे इन्सुलेशनचा फोम. आग ह्या पोकळीत शिरली की धुराड्यासारखी वर जाते. ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ च्या रात्री एकच्या जरा आधी चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात फ्रिजपाशी आग लागली. साधी आग. ती खिडकीतून बाहेरच्या आवरणाला भिडली आणि मग वीस मिनिटांच्या आत २४ मजली इमारतीच्या माथ्यावर होती. लोकांना मात्र 'घरातच थांबा' असं सांगितलं जात होतं, कारण काँक्रीटच्या इमारतीत आग एका घरात कोंडलेली राहते हे गृहीतक. ते पावणेतीनच्या सुमारास मागे घेतलं. ७२ माणसं गेली.

मला सगळ्यात जास्त चिडवणारी गोष्ट ह्या रात्रीची नाही, २००१ ची आहे. त्या वर्षी ब्रिटिश सरकारने स्वतःच ह्या प्रकारच्या पॅनेलची मोठी चाचणी करवून घेतली होती. पाच मिनिटांच्या आसपास ती थांबवावी लागली, इतक्या जोरात ज्वाळा उठल्या. निकाल प्रसिद्ध केला नाही आणि नियमही बदलला नाही. नियमात पृष्ठभाग कसा जळतो एवढंच बघणारी एक श्रेणी होती, 'क्लास झिरो'. वरून ॲल्युमिनियम, त्यामुळे पॅनेल आरामात पास. म्हणजे युनिट टेस्ट हिरवी, आणि अख्खी सिस्टिम चालवून बघितली तेव्हा पेटली, तर तो रिपोर्टच कपाटात. सप्टेंबर २०२४ मध्ये चौकशीचा दुसरा अहवाल आला. त्यात उत्पादकांनी चाचण्यांची माहिती दडवली, बाजाराची दिशाभूल केली हे स्पष्ट लिहिलंय. सरकारलाही सोडलेलं नाही.

आता मूळ प्रश्न. हजारो इमारतींवर असलं काही ना काही चिकटवलेलं आहे. ते काढायचं कुणी आणि पैसे कुणाचे?

माझ्या मित्राने फ्लॅट घेतला जानेवारी २०१७ मध्ये. कर्ज, बचत, नाशिकचा प्लॉट विकून आलेले पैसे, सगळं त्यात. पाच महिन्यांनी ग्रेनफेल. त्यानंतर बँका इमारतीच्या बाह्य भिंतीचा दाखला मागायला लागल्या (२०१९ च्या डिसेंबरपासून त्याला 'ईडब्ल्यूएस-वन' असं नाव). त्याच्या इमारतीला तो मिळेना. दुसरं मूल झालं, एक खोली कमी पडायला लागली, आणि विकायला गेला तर बँकेच्या दृष्टीने घराची किंमत शून्य. राहता येतं, हप्ता भरता येतो, फक्त विकता येत नाही.

इथे आपल्याकडच्या वाचकांचा एक घोटाळा होऊ शकतो (माझा झाला होता). आपण म्हणतो, सोसायटीने मीटिंग बोलवावी, सिंकिंग फंड काढावा, काम करून टाकावं. महाराष्ट्रात कन्व्हेयन्स झालेलं असेल तर इमारत सोसायटीच्या, म्हणजे सभासदांच्याच मालकीची. इंग्लंडमध्ये फ्लॅट बहुतेक वेळा लीजहोल्ड. जमीन आणि इमारतीचा सांगाडा फ्रीहोल्डरचा, फ्लॅटवाल्याकडे दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा. पण लीजमध्ये असं लिहिलेलं असतं की सांगाड्याच्या दुरुस्तीचा खर्च फ्लॅटवाल्यांकडून वसूल करता येईल. मित्राच्या शब्दांत, "अरे, भिंत माझी नाही, तिला हात लावायचा हक्क माझा नाही, बिल तेवढं माझं."

आणि ह्यावर चार वर्षं सरकारचं उत्तर हप्त्याहप्त्याने येत होतं. २०१८ मध्ये आधी सरकारी-सामाजिक घरांसाठी पैसे, २०१९ मध्ये खासगी इमारतींसाठी पण फक्त ह्या एकाच जातीच्या पॅनेलला, २०२० मध्ये बाकीच्या ज्वलनशील आवरणांसाठी एक अब्ज पौंड, २०२१ मध्ये आणखी साडेतीन अब्ज पण १८ मीटरपेक्षा उंच असाल तरच. १७ मीटरवाल्यांनी कर्ज काढावं! आग टेप घेऊन येते की काय? शेवटी २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी ॲक्टने ११ मीटरपासूनच्या इमारतींत स्वतः राहणाऱ्या मालकांवर आवरण काढण्याचा खर्च टाकायला बंदी केली. हे चांगलंच झालं. पण ११ मीटरच्या खालचे अजूनही ह्या संरक्षणाच्या बाहेर.

माझं मत सरळ आहे. सरकारने आधी सगळं दुरुस्त करावं, स्वतःच्या पैशाने, आणि मग ज्याचं चुकलं त्याच्या मागे वकील लावावेत. दोष कुणाचा ते ठरेपर्यंत माणसांना प्लॅस्टिकच्या भिंतीमागे झोपवायचं हे चूक. आम्ही सर्व्हर पडला की आधी उभा करतो, कुणामुळे पडला ती मीटिंग सोमवारी.

"म्हणजे करदात्यांचा खिसा," असं माझा रूममेट म्हणतो. मुद्दा खोटा नाही. वेल्समधल्या कुठल्या शेतकऱ्याने लंडनच्या फ्लॅटसाठी का पैसे द्यावेत? पण २००१ चा रिपोर्ट कपाटात ठेवणारं सरकार त्याही शेतकऱ्याचं होतं, आणि नियम, मंजुरी, तपासणी ह्या तिन्हींवर त्याच सरकारची मोहोर होती. ह्या साखळीत चाचणीचा कागद बघायची संधी कधीच न मिळालेला एकच माणूस आहे, घर घेणारा. त्याने नळ उघडून बघितला, कपाटं उघडून बघितली, बाहेरचा पत्रा सोलून बघायचा होता का?

शिवाय नंतरची वसुली अशक्य नाही, हे मेलबर्नमध्ये दिसलं. तिथे लॅक्रोस नावाच्या इमारतीत नोव्हेंबर २०१४ मध्ये आठव्या मजल्याच्या बाल्कनीत एका सिगारेटने आग लागली आणि सुमारे ११ मिनिटांत वरपर्यंत गेली. स्प्रिंकलर चालले म्हणून कुणी मेलं नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत व्हिक्टोरियाच्या न्यायाधिकरणाने निकाल दिला. मालकांना भरपाई बिल्डरने द्यावी, आणि बिल्डरने ती बाकीच्यांकडून घ्यावी. फायर इंजिनिअर ३९ टक्के, सर्व्हेअर ३३, आर्किटेक्ट २५. सिगारेटवाला ३. मला हा हिशेब फार आवडतो. ठिणगी टाकणाऱ्याला ३ टक्के, आणि सह्या करणाऱ्यांना ९७.

त्याच वर्षी व्हिक्टोरिया सरकारने ६० कोटी डॉलरची योजना आणून जास्त धोक्याच्या इमारतींचं काम स्वतः अंगावर घेतलं आणि दोषींवर दावे लावायचा मालकांचा हक्क कायद्याने स्वतःकडे घेतला. म्हणजे फ्लॅटवाल्याने कोर्टात उभं राहायची गरज नाही. तिथेही सगळं गोड नाही, कमी धोक्याच्या यादीत पडलेले लोक कुरकुरत बसलेत. पण क्रम बरोबर आहे.

इंग्लंडमध्ये क्रम उलटा राहिला त्याचं फळ राष्ट्रीय लेखापरीक्षकांच्या नोव्हेंबर २०२४ च्या अहवालात आहे. दुरुस्ती लागणाऱ्या इमारती ९,००० ते १२,०००, त्यातल्या ६० टक्क्यांपर्यंत तर अजून सापडलेल्याच नव्हत्या, आणि ह्या वेगाने काम २०३५ पर्यंत जाईल असा अंदाज. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पूर्व लंडनच्या डॅगनममध्ये एक इमारत पेटली. तिचं आवरण काढायचं काम चालू होतं. ८० च्या वर लोक मध्यरात्री बाहेर पळाले, सगळे वाचले.

ही बातमी आली त्या दिवशी मी मित्राला फोन केला होता. त्याच्याकडे तेव्हा परांचीही आली नव्हती. तो म्हणाला, "पोरांना जिना पाठ करून घेतलाय. अंधारात, मोजून. नव्वद पायऱ्या."

आता परांची आली आहे. पत्रे निघतायत, दिवसभर ड्रिलचा आवाज, वहिनी घरून काम करतात म्हणून वैतागल्या आहेत. मी विचारलं, मग विकणार का आता? तर म्हणाला, "आधी खिडकीतून समोरची बस दिसू दे. मग बघू."