व्हाइस सिटीतला संप कुणी मोडला?

जुन्या भिंतीला चुना मारून नवं घर म्हणून विकायची कला फक्त आपल्या पुढाऱ्यांनाच येते असं समजू नका. २०२१ च्या ११ नोव्हेंबरला रॉकस्टार गेम्स या कंपनीनं ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’चे तीन जुने गेम एका गाठोड्यात बांधून पुन्हा बाजारात आणले. २००१ चा तिसरा, २००२ चा ‘व्हाइस सिटी’ आणि २००४ चा ‘सॅन अँड्रियास’. गाठोड्याचं नाव ‘डेफिनिटिव्ह एडिशन’. म्हणजे हेच शेवटचं, हेच खरं, यापुढे कुणी बोलायचं नाही. मनूनंतर एवढ्या ठामपणे फारच कमी लोकांनी आपल्या पुस्तकाबद्दल सांगितलं असेल.

व्हिडिओ गेमवर काय लिहितोस, असं ज्यांना वाटतं त्यांनी पान उलटावं. आमच्या वयाच्या पोरांनी कथा-कादंबऱ्या वाचल्या त्याच्या शंभरपट तास व्हाइस सिटीत घालवलेत. तिथं आम्ही काय शिकलो हे विचारायचंच नाही, तर मग साहित्याची चर्चा तरी कशाला करता?

भवानीनगरला छत्रपती कारखान्याच्या रस्त्यावर एक सायबर कॅफे होता. तासाला दहा रुपये. वस्तीतल्या पोरांकडून मालक पैसे आधी घ्यायचा, बाकीच्यांकडून उठताना. कोपऱ्यातलं, कीबोर्डची दोन बटणं गेलेलं मशीन आमचं. गळिताचा हंगाम असला की बाहेर उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, मळीचा वास. आत १९८६ सालची अमेरिका, गुलाबी दिवे, समुद्र, टॉमी वर्सेटी नावाचा पंधरा वर्षं तुरुंगात काढून आलेला गुंड. ‘पँझर’ टाइप केलं की आभाळातून रणगाडा पडायचा. आमच्यातला एकजण मरेपर्यंत त्याला ‘पँथर’च म्हणत राहिला. तो आता नाही, ऊसतोडीच्या ट्रॅक्टरखाली गेला. ते जाऊ द्या.

सांगायचं हे, की तो गेम आम्हाला पाठ होता. नवी आवृत्ती मी मोबाइलवर खेळलो. २०२३ च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सनं ती फोनवर आणली तेव्हा गोदीतल्या एका मित्राच्या पोराचं खातं मागून घेतलं, आणि रात्रपाळीच्या सुट्टीत शेडमध्ये बसून गेम पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत काढला.

२०२१ च्या पहिल्या आवृत्तीची जगभर छीथू झाली होती, ती रास्त होती. पाऊस पडला की पडद्यावर पांढऱ्या सुतळ्या लोंबायच्या, समोरचा रस्ता दिसायचा नाही. माणसांचे चेहरे मेणाचे. भिंतीवरच्या पाट्या यंत्राकडून साफ करून घेतल्या, तर अक्षरांचे शब्दच बदलले. सॅन अँड्रियासमध्ये एका डोनटच्या दुकानावर मोठा लोखंडी नट आहे, सहा कोनांचा. नव्या आवृत्तीत तो घासून गोल केला. कोन नसलेला नट! पाना कुठं लावणार, तुझ्या बापाच्या टकलाला? ज्याच्या हातात आयुष्यात पाना आलेला नाही अशा माणसानं किंवा यंत्रानंच हे केलं असणार. आठवड्याभरात कंपनीला माफी मागावी लागली आणि जुने मूळ गेम, जे दुकानातून काढून टाकले होते, ते परत ठेवावे लागले.

आता यातली खरी गोम ऐका. त्याच्या आधी काही हौशी पोरांनी तिसरा भाग आणि व्हाइस सिटी या दोन्हींचा कोड उलगडून नव्याने लिहून काढला होता. फुकट. रात्री जागून. आजच्या कॉम्प्युटरवर नीट चालेल असा, चुका काढलेला. मालक कंपनी टेक-टूनं २०२१ च्या फेब्रुवारीत तो उतरवायला लावला आणि सप्टेंबरात कॅलिफोर्नियाच्या कोर्टात त्यांच्यावर दावा ठोकला. नोव्हेंबरात स्वतःचा गोल नट विकायला काढला. ज्यांनी राबून दुरुस्त केलं ते चोर, ज्यांनी बिघडवून विकलं ते मालक. आम्हा गोदीवाल्यांना हे समजायला वकील लागत नाही.

पण रंगसफेदीवर मी शाई घालवणार नाही. प्रश्न असा आहे, की वीस वर्षांनी जुनं घर उघडलंच होतं तर आतली कुठली घाण काढली आणि कुठली ठेवली?

काढलं ते आधी सांगतो, कारण ते कुणी दिलेलं दान नव्हतं. व्हाइस सिटीत हैती देशातून आलेल्या काळ्या लोकांची एक वस्ती आहे, लिटल हैती. पत्र्याची, लाकडाची घरं. त्यांची आणि क्यूबन लोकांची मारामारी लावलेली. मूळ गेममध्ये पडद्यावर हैतींना ठार मारायचा हुकूम अक्षरात छापून यायचा. पोरगं बटण दाबणार आणि हैती मरणार. हैती म्हणजे कोण? ज्या गुलामांनी फ्रान्सच्या मालकांना हाकलून १८०४ साली स्वतःचं राज्य उभं केलं त्यांचा देश. साम्राज्यांच्या काळजात त्या सालापासून काटा आहे. २००३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या हैतियन संघटना रस्त्यावर आल्या, म्हणाल्या आमच्या पोरांना शाळेत मार पडेल. खरं-खोटं करणारे तेव्हाही म्हणाले, अहो गेम आहे तो, मनाला काय लावून घेता. आपल्याला हे वाक्य पाठ आहे. सिनेमा आहे तो. म्हण आहे ती. गंमत आहे ती. डिसेंबरात कंपनी वाकली, पुढच्या प्रतींतून ती वाक्यं गेली. नव्या आवृत्तीत आणखी एक गोष्ट गेली: फिल कॅसिडीच्या शर्टावरचा, गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा झेंडा.

या विजयाला मी कमी लेखत नाही. एक शब्द पुसायला किती माणसं रस्त्यावर यावी लागतात हे ज्यांच्या बापजाद्यांची नावंच शिव्या होत्या त्यांना विचारा. ज्याला कधी जातीवरून हाक मारली गेली नाही तोच म्हणतो की शब्दात काय आहे.

मात्र वाक्य गेलं आणि वस्तीवरची मोहीम राहिली. हैतींचा कारखाना अजून उडवायचा आहे, क्यूबनांच्या वतीनं त्यांच्यावर गोळ्या अजून घालायच्याच आहेत. आणि ही मारामारी पेटते कुणामुळे? ही गोष्ट शाळेच्या वयात माझ्या ध्यानात यायचं कारण नव्हतं, आता रात्रपाळीला ती थेट डोळ्यात घुसली. एव्हरी कॅरिंग्टन नावाचा टेक्सासचा जमीनवाला आहे. डोक्याला हॅट, तोंडात गोड भाषा. त्याला लिटल हैतीतली जमीन स्वस्तात पाहिजे. म्हणून तो टॉमीला क्यूबनाचे कपडे घालायला लावतो आणि हैतींच्या म्होरक्याचा खून करायला पाठवतो. तिकडे लोक आपल्या मेलेल्या माणसाला निरोप द्यायला जमलेत, त्या जागी. क्यूबन आणि हैती एकमेकांच्या नरडीला लागतात, भाव पडतात, एव्हरी जमीन घेतो. दंगल नेमकी कशासाठी होते हे एवढं उघड कुठल्या चौकशी आयोगानं सांगितलंय?

त्याच एव्हरीची पहिली भेट तर आणखी जहर आहे. वकील केन रोझेनबर्गच्या ऑफिसात तो बसलेला असतो. स्पँड एक्स्प्रेस नावाची माल पोचवणारी कंपनी आहे, तिचा डेपो त्याला हवा आहे आणि कंपनी विकत नाही. कामगार संपावर, गेटवर उभे. टॉमीनं काय करायचं? कपड्याच्या दुकानात जाऊन कामगाराचे कपडे चढवायचे, गेटवर जाऊन चार संपकऱ्यांना मारायचं. चार जणांना मारलं की गर्दी आपसात भिडते, पहारेकरी धावतात, फाटक उघडतं. आत घुसून तीन गाड्या जाळायच्या. पैसे जमा. मिशनचं नावच ‘रायट’.

मी दोनदा खेळून पाहिलं. ते कामगार कशासाठी संपावर आहेत? पगार? बोनस? कुणी क्रेनखाली मेला होता? मला तरी त्याचा एक शब्द सापडला नाही. आमच्या शेडमधला एक म्हातारा टोळीवाला, ज्याच्या घरात लालबागच्या गिरणीचा पितळी बिल्ला अजून आहे, माझ्या खांद्यावरून बघत होता. त्यानं एवढंच विचारलं, “ह्यांचं युनियन कुठलं?”

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कुणी रीतसर मागे घेतला नाही, तो कुजवला गेला. १९९१ साली विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला आणि गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी झाली. तीन हिस्से करायचे होते: एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये कलम असं फिरवलं की शहराचा आणि घरांचा वाटा फक्त आधीपासून रिकाम्या पडलेल्या जमिनीतून मोजायचा. २००६ ला सुप्रीम कोर्टानं ते मान्य केलं. मधल्या काळात, १६ जानेवारी १९९७ ला, दत्ता सामंतांना पवईत रस्त्यावर गोळ्या घातल्या. फिनिक्स गिरणीच्या जागेवर आज मॉल आहे, तिथं गेमिंगची दुकानंही आहेत. त्या दुकानाच्या काचेत एव्हरीचा गेम विकायला ठेवला तर विकणाऱ्याला आपण कुठं उभे आहोत हे कळणारसुद्धा नाही.

व्हाइस सिटीत गोदीपण आहे. क्रेन आहेत, कंटेनर आहेत, जहाज आहे. क्रेन हलत नाही. एक पेटी चढत नाही, उतरत नाही. नव्या आवृत्तीत पाण्यावर ऊन काय सुरेख पडतं, बघत राहावं! क्रेन अजूनही हललेली नाही. आमच्या मुंबईतही गोदीचं असंच चित्र काही लोकांना आवडेल. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन जुन्या गोद्या बुजवून झाल्या. त्यातली व्हिक्टोरिया म्हणजे १४ एप्रिल १९४४ ला ‘फोर्ट स्टिकिन’ जिथं फुटलं ती. १९८९ ला न्हावाशेवा सुरू झाल्यापासून कंटेनर तिकडे सरकले, आणि इकडच्या किनाऱ्यासाठी बागांचे, बोटी बांधायच्या धक्क्यांचे आराखडे रंगवले जातात. त्या रंगीत चित्रांत हातात हूक घेतलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

२०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारनं ठरवलं की वस्त्यांची जातिवाचक नावं काढायची. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर. झालं ते बरं झालं, मी पाटीवर चुना मारायला पहिला उभा राहीन. पण गावाची गटारं उतारानं कुठं येतात? स्मशानाची वाट कुणाच्या शेतातून अडते? पाटी बदलली, नकाशा तोच. हीच ती डेफिनिटिव्ह एडिशन.

कुणी म्हणेल, अमेरिकेचं सोड, आपल्या मातीतला गेम बघ. बघितला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं ‘राजी’ बनवला, २०२० ला आला, २०२२ मध्ये सुधारून पुन्हा काढला, हिंदी आवाज घातला, मारामारी नीट केली. देखणा आहे, खोटं बोलणार नाही. पुण्यात बसून जगाच्या तोडीचं काम करता येतं हे त्या पोरापोरींनी दाखवलं. नायिका सर्कशीत कसरती करणारी पोर, डोंबाऱ्याच्या पोरीसारखी. इथवर माझ्या काळजाला हात घातला. पुढं? शत्रू कोण, तर महाबलासुर. आणि तिला बळ देणार विष्णू. ज्यानं वामन होऊन बळीच्या डोक्यावर पाय दिला तो. आमच्या आया दिवाळीत ओवाळताना बळीचं राज्य मागतात आणि जोतीरावांनी १८७३ लाच ‘गुलामगिरी’त ही गोष्ट उलटी करून दाखवली. दीडशे वर्षं झाली, गेमवाल्यांपर्यंत अजून पोचली नाही. सर्कशीतल्या पोरीच्या हातात शस्त्र द्यायचं आणि ते राक्षसावरच चालवायला लावायचं! राक्षसाची बाजू कुणी विचारतच नाही, स्पँड एक्स्प्रेसच्या संपकऱ्यांची विचारत नाही तशी.

आणि हे बघा. २०२५ च्या ऑक्टोबरच्या शेवटी याच रॉकस्टारनं ब्रिटन आणि कॅनडातल्या आपल्या तीसेक कामगारांना एकदम कामावरून काढलं. त्यांची युनियन, आयडब्ल्यूजीबी, म्हणते हा संघटना फोडायचा डाव आहे. कंपनी म्हणते त्यांनी गुप्त गोष्टी बाहेर फोडल्या. निकाल मी देत नाही. पण ऑफिसच्या दारात पाट्या घेऊन उभ्या राहिलेल्या त्या पोरांचे फोटो मी पाहिले आणि मला तो डेपोचा गेट दिसला. सहाव्या ‘जीटीए’तही पुन्हा व्हाइस सिटीच आहे म्हणे. एव्हरीच्या जातीची माणसं तिथंही असतील, त्यांना मरण नसतं.

आपल्यातली कितीतरी पोरं आज पुण्यात, औरंगाबादेत कॉम्प्युटर शिकतायत. फीसाठी आईनं उचल घेतलीय, बापानं मुकादमाकडं अंगठा दिलाय. त्यांना मी म्हणतो, एक मिशन लिहा. ‘रायट’च, पण फाटकाच्या या बाजूनं. कामगाराचे कपडे घालून एक अनोळखी माणूस गर्दीत शिरलाय, चार जणांना मारायच्या आत त्याला ओळखायचंय. खेळून बघा, गोळ्या घालण्यापेक्षा अवघड जाईल. कोड मला येत नाही, मी दहावी झालोय. पण पहिल्या रात्री गेटवर कोण थांबतं, किराणावाला कितव्या आठवड्यात उधारी बंद करतो, मुकादमाचा माणूस आधी कुणाच्या घरी जातो, बायका पीठ कुणाकडून आणतात, नव्या कपड्यातला कामगार बुटांवरून कसा पकडायचा, हे सगळं माझ्याकडून घ्या. रविवारी माझी पाळी नसते.