मोतीबिंदू म्हणजे आंबा नव्हे

आमच्या कवठे महांकाळकडे दोन गोष्टी पिकण्याची वाट पाहिली जाते. एक द्राक्षे आणि दुसरा घरातल्या म्हातारीचा मोतीबिंदू. द्राक्षांच्या बाबतीत आमचा शेतकरी मोठा दक्ष. पानावर एक डाग दिसला तर रात्री बॅटरी घेऊन बागेत जाईल. पण आईच्या बाहुलीत पांढुरकेपणा दिसू लागला तरी उत्तर ठरलेले: “पिकू द्या की अजून. कच्चा काढत नाहीत म्हणे.”

एके काळी डॉक्टरच असे म्हणत, हे खरे. तेव्हा गढूळ झालेले भिंग काढून टाकीत, त्या जागी काही बसवीत नसत, आणि माणसाला जन्मभर बाटलीच्या बुडासारख्या जाड काचा लावाव्या लागत. त्यापेक्षा अंधुक दिसणे परवडले, म्हणून थांबण्यात शहाणपण होते. पण १९४९ साली लंडनच्या हॅरल्ड रिडले या डॉक्टराने डोळ्यात कृत्रिम भिंग बसवून दाखवले, आणि १९९२ पासून मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये अशी भिंगे स्वस्तात तयार होऊ लागली. आज मोतीबिंदू रोजच्या कामाच्या आड येऊ लागला की काढावा, एवढाच नियम आहे. उलट फार पिकवला तर तो टणक होतो, शस्त्रक्रिया अवघड होते, आणि कधी फुगून डोळ्यातला दाब वाढवून बसतो. आढी आंब्याची घालावी, डोळ्याची कशाला?

बरे, एवढे पटवून दिले तर दुसरे पंचांग निघते. ऑपरेशन म्हणे थंडीतच करावे. उन्हाळ्यात उष्णता आणि पावसाळ्यात डोळा चिघळतो! डॉक्टरांच्या लेखी असा मोसम आता उरलेला नाही. पण थंडीच धरली तरी दिवाळीच्या सुमारास छाटणी आणि फवारणी, माघ-फाल्गुनात द्राक्षे उतरायची, मग बेदाण्याच्या शेडवर माणसे हवीत. ते आटोपते तोवर खरडछाटणी, लग्नसराई आणि पाऊस. म्हणजे म्हातारीच्या डोळ्याला बारा महिन्यांत मुहूर्त नाही. मिरज आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. वॉन्लेस साहेबांनी तिथे १८९४ साली इस्पितळ काढले, १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया फुकट होते. तेव्हा पैशाची सबब कुणी मला सांगू नये.

“पण आज्जीच नको म्हणतात हो!” म्हणणारच. “आता मला काय पेपर वाचायचाय?” असे त्या म्हणतात, तेव्हा डोळ्यांचा विचार करून म्हणत नाहीत; कोणाची मजुरी बुडेल, घरी गुरांना वैरण कोण टाकील, याचा हिशेब करून म्हणतात. आपण मात्र तो नकार तेवढ्याच तत्परतेने उचलून धरतो. आणि आजोबा आधी, आज्जी मागून, हा क्रम मी इतक्या घरी पाहिला आहे की त्याला योगायोग म्हणवत नाही. चुलीपाशी भाजून घेते ती, उंबऱ्यात अडखळून खुबा मोडून घेते तीही तीच.

गोळ्यांचे तर विचारूच नका. औषधाच्या दुकानात दहाच्या पट्टीतून चार गोळ्या कात्रीने कापून देतात. नाव एका तुकड्यावर राहते, मुदत दुसऱ्यावर. रक्तदाबाची पांढरी, साखरेची पिवळी अशी खूण म्हाताऱ्या माणसाने मनाशी बांधलेली असते. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली की ती खूणही गेली. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब कोणी विकत असेल तर त्याला खुशाल परत पाठवा. तसे औषध अजून सिद्ध झालेले नाही. मधाचेही तेच. डोळा लाल झाला म्हणून आपल्या मनाने स्टेरॉइडचे थेंब महिनोन् महिने घालणे तर याहून वाईट. त्याने काचबिंदू होतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. गाजरे अवश्य खा, हलवाही खा. पण ज्याच्या जेवणात अ जीवनसत्त्वाची वाण पडली आहे त्यालाच त्याने नजर येईल. चाळिशीनंतर आतले भिंग ताठर होते, ते गाजराने लवत नाही. त्याला चष्माच हवा. नंबर तपासून घेतलेला. कुण्या शेजाऱ्याचा उसना नव्हे.

वाचकहो, भाऊबीज होईपर्यंत सारे घरीच आहात. हेच पान घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाती द्या. चष्मा असेल तर तो लावूनच. आधी उजवा डोळा झाकून वाचायला सांगा, मग डावा. एक डोळा जातो तेव्हा दुसरा त्याचे काम गुपचूप करीत राहतो, म्हणून महिनोन् महिने ते कळत नाही. वाचता येत नसेल त्यांना रांगोळीतले ठिपके मोजायला सांगा. एका डोळ्याने ठिपके कमी भरले, तर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बहिणीकडे जाल, तिसऱ्या दिवशी मिरजेला जा. फवारणी एक दिवस धाकटा करील.