न फिटणारे ऋण

पथकर आणि खंडणी यांत भेद कोणता, असे कोणी विचारल्यास आम्ही एकच उत्तर देऊ : पथकराला शेवट असतो. पुलास अमुक खर्च आला, वाजवी नफ्यासह तो अमुक वर्षांत वसूल होईल आणि त्या दिवशी नाक्यावरील अडसर उचलला जाईल, या विश्वासावर प्रवासी पैसे मोजतो. तो दिवस कधी उगवूच नये, अशी तजवीज ज्या करारात आहे, त्या करारान्वये होणारी वसुली ही कायद्याचा वेष घेतलेली खंडणीच होय.

हे शब्द कठोर आहेत. परंतु दिल्ली व नोएडा यांना जोडणाऱ्या, यमुनेवरील डी. एन. डी. मार्गाची कथा ज्यांनी नीट वाचली आहे, त्यांना ते अस्थानी वाटणार नाहीत. आपल्या ग्वाल्हेर-इंदूरकडील अनेक घरांतील मुले नोकरीनिमित्त नोएडात राहतात. त्यांच्याकडे गेलेल्या वाचकांनी हा आठपदरी, सुमारे 9 किलोमीटरचा रस्ता पाहिला असेल. अलीकडे दिल्ली, पलीकडे उत्तर प्रदेश, मध्ये यमुना. फेब्रुवारी 2001 मध्ये तो खुला झाला. खर्च सुमारे 408 कोटी रुपये. पूल उत्तम आहे, गरजेचाही होता. आमचे भांडण पुलाशी नाही. त्याच्या कागदांशी आहे.

12 नोव्हेंबर 1997 रोजी नोएडा प्राधिकरण, आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था आणि तिने प्रवर्तित केलेली नोएडा टोल ब्रिज कंपनी यांच्यात करार झाला. पथकर वसुलीची मुदत 30 वर्षांची. परंतु कंपनीस प्रकल्पखर्चावर दरसाल 20 टक्के परतावा मिळालाच पाहिजे, एखाद्या वर्षी तो कमी पडल्यास तूट मूळ खर्चात मिळवावी, आणि 30 वर्षांतही सारे वसूल न झाल्यास मुदत वाढवीत न्यावी, असे त्यात ठरले.

आमच्या पूर्वजांपैकी कित्येकांनी शिंदे-होळकरांच्या दप्तरांत रोजकीर्द आणि खतावणी लिहिण्यात आयुष्य घालविले. त्यांच्यापुढे हे कलम ठेवले असते, तर त्यांनी कागदाच्या समासातच पुढील हिशेब मांडला असता. मुद्दल 408 कोटी; त्याचे 20 टक्के म्हणजे सुमारे 82 कोटी. समजा, पहिल्या वर्षी खर्च वजा जाता हाती 20 कोटी आले. तूट 62 कोटी. ती मुद्दलात गेली. दुसऱ्या वर्षी मुद्दल झाले 470 कोटी आणि परतावा हवा 94 कोटींचा. पुन्हा 20 कोटीच आले, तर तिसऱ्या वर्षाच्या आरंभी मुद्दल 543 कोटींवर गेलेले. लोक दररोज पैसे भरीत आहेत आणि देणे मात्र दरसाल वाढत आहे! गावच्या सावकाराच्या वहीतील कूळ असेच पिढ्यान्‌पिढ्या फेडीत राही. फरक इतकाच, की सावकाराच्या वहीवर शासनाची मुद्रा नसे.

अखेर नोएडाच्या रहिवासी संघटनांचा महासंघ 2012 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात गेला. 26 ऑक्टोबर 2016 रोजी न्यायालयाने ही वसुली थांबविली. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. 20 डिसेंबर 2024 रोजी तेथेही ती हरली. कंपनीने खर्च तर वसूल केलाच, वर भरघोस नफाही मिळविला. तिची निवड स्पर्धात्मक निविदांविना झाली. आणि पथकर लावण्याचा अधिकार तिच्या स्वाधीन करण्याचा अधिकार मुळात प्राधिकरणालाच नव्हता, असा त्या निकालाचा सारांश आहे.

काही सुज्ञ मित्र म्हणतात, 'मोटारीतून फिरणाऱ्याला वीस-पंचवीस रुपयांचे काय?' प्रश्न रकमेचा नाही. फिटलेले ऋण पुन्हा मागण्याचा हक्क एका रुपयापुरताही कोणास नसतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : खासगी भांडवलाला परताव्याची हमी नसेल, तर पूल बांधणार कोण? आम्ही नफ्याचे शत्रू नाही. जोखीम पत्करणाऱ्यास नफा मिळावाच. परंतु येथे तूट मुद्दलात जाणार आणि मुदत आपोआप वाढणार. मग जोखीम उरली कोणाकडे? ती सर्व प्रवाशाच्या माथी आली. जोखमीविना मिळणाऱ्या हमखास 20 टक्क्यांना उद्योजकता म्हणणे, हा भाषेवरचाही अन्याय आहे.

आता थोडे आमच्याविषयी. कंपन्यांना दोष देणे सोपे आहे. पण करारावर एक स्वाक्षरी शासनाच्या बाजूचीही असते. आम्ही राज्यशासनाच्या सेवेत आयुष्य काढले. एकदा बांधकामाच्या एका करारनाम्याचा मसुदा आमच्या मेजावर आला. परताव्याचे कलम दोनदा वाचूनही नीट उमगले नाही. वरिष्ठांची घाई होती. आम्ही आकडेमोड न करताच 'सहमत' असा शेरा मारून नस्ती पुढे धाडली. ते कलम कोणास किती महाग पडले, हे आम्ही पुढे कधी विचारलेही नाही. न कळलेल्या कलमाखाली 'सहमत' लिहिणे हा निष्काळजीपणा नव्हे, तो अपराध आहे, हे आम्हांस यमुनेच्या पुलाने उशिरा शिकविले.

निवडणुकीच्या तोंडावर मिळणारी माफी हा यावरचा उपाय नव्हे. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना पथकर माफ झाला आणि लागलीच विधानसभा निवडणूक जाहीर झाली. माफी ही कृपा आहे. आज दिली, उद्या काढून घेता येते. नागरिकाला कृपा नको, हिशेब हवा.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक टोलनाक्यावर, दरपत्रकाइतक्याच ठळक अक्षरांत, चार ओळी लिहिलेल्या असाव्यात : खर्च किती झाला, आजवर वसुली किती झाली, बाकी किती राहिली, आणि नाका कोणत्या तारखेस बंद होणार. शेवटची ओळ लिहिता येत नसेल, तर त्या नाक्यावर पहिला रुपयाही घेऊ नये.